परत तिथंच यायचं, तर निघायचं कशाला?

हा प्रश्न मला इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक विचारतात आणि साताऱ्याची मावशी फोनवर विचारते. महिन्यातून एखादा रविवार मी दक्षिण इंग्लंडातल्या कुठल्यातरी खेड्यात गाडी लावते, तीन-चार तास गोल चालते आणि पुन्हा गाडीपाशी येते, एवढं त्यांना माहीत असतं. ना गड, ना शिखर, ना दर्शन. कुणी गमतीनं प्रदक्षिणा म्हणतं. पण प्रदक्षिणेच्या मधोमध देव असतो, इथं मेंढ्या असतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकच फेरी सांगते. आमचे अण्णा जूनमध्ये आले होते तेव्हाची. अण्णा निवृत्त तलाठी, हे आधी सांगितलेलं बरं.

ईस्ट ससेक्समध्ये ककमिअर नदीकाठी आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. चर्चजवळ गवताने शाकारलेलं एक जुनं घर आहे, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं 1896 मध्ये 10 पौंडांना विकत घेतलेलं. ट्रस्टनं घेतलेली ही पहिलीच इमारत. अण्णा म्हणाले, "दहा पौंडांत खरेदीखत?" आणि घर सोडून पाटीच वाचत बसले.

तिथून नदीवरचा छोटा पांढरा पूल ओलांडला की वाट चढते. लिटुकल्या लुलिंग्टन चर्चपाशी दम घ्यायचा. मोठ्या चर्चचा उरलेला हा एक तुकडा, सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद. आपल्या वेशीवरच्या मारुतीच्या देवळाएवढा जीव. मग विंडोव्हर हिल. सह्याद्रीत वाढलेल्याला हसू येईल अशी उंची, दोनशे मीटरच्या आसपास. पण या टेकड्या चॉकच्या, म्हणजे पांढऱ्या मऊ चुनखडीच्या. पाऊस पडला की आत मुरतो, माथ्यावर ओढा नाही की विहीर नाही. पाणी पायथ्याशी झऱ्यानं बाहेर येतं आणि गावंही तिथंच वसलेली. म्हणून इथली गोल फेरी कोरड्या माथ्यावरून ओल्या गावात उतरते. (हिवाळ्यात ओल्या चॉकवर पाय ठेवलात तर साबणावर ठेवल्यासारखा सटकतो. मी दोनदा आपटले आहे.) माथ्यावर मेंढ्यांनी खुरटं ठेवलेलं गवत आणि वर कुठंतरी न दिसणारा चंडोल.

याच टेकडीच्या उत्तर उतारावर बहात्तर मीटर उंचीचा माणूस रेखलेला आहे, दोन्ही हातांत एकेक काठी. लाँग मॅन. गंमत अशी, की आपण त्याच्या डोक्यावरून चालत असतो आणि तो काही दिसत नाही. अण्णा तीनदा म्हणाले, "कुठं आहे तुझा माणूस?" तो दिसला खाली विल्मिंग्टनला, चर्चच्या आवारात दशम्या सोडल्या तेव्हा.

खरा प्रकार पुढे घडला. विल्मिंग्टनहून परतीच्या वाटेवर एक फाटक आहे. त्याला इथं काय म्हणतात ते मी अण्णांना सांगितलं नाही, किसिंग गेट. पलीकडं कमरेएवढा गहू आणि त्याच्या पोटातून सरळ गेलेली वाट. अण्णा फाटकात थांबले ते थांबलेच. "उभ्या पिकातनं? कुणाचं रान आहे?"

मी पिवळा बाण दाखवला. पिवळा म्हणजे पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही. नकाशा उघडून हिरव्या तुटक रेषा दाखवल्या. 1949 च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, अशा वाटांची नोंद असलेले अधिकृत नकाशे करायचे ठरलं. त्याआधी 1932 मध्ये डर्बिशायरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर चालणारी माणसं मुद्दाम घुसली होती, आणि तिथं रखवालदारांशी झालेल्या झटापटीवरून त्यातली काही तुरुंगात गेली होती. लोक एखाद्या वाटेनं वीस वर्षं हक्कानं, बिनअडथळा गेले, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते. शेतकऱ्यानं वाट नांगरली, तरी ठराविक दिवसांत ती निदान मीटरभर रुंद पुन्हा करून द्यायची.

"म्हणजे वहिवाट," अण्णा म्हणाले.

म्हणजे वहिवाटच. फरक एवढाच, की आपल्याकडं वहिवाटीसाठी तहसीलदारापुढं भांडतो तो स्वतःच्या रानात बैल, ट्रॅक्टर न्यायला. इथं साताऱ्याचा एक परका म्हातारा, ज्याला त्या गव्हाशी काही देणंघेणं नाही, तोही हक्कदार. रानाचा मालक घराच्या खिडकीतून पाहत असला, तरी त्यानं विचारायचं नाही. मला या चालण्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. निसर्ग वगैरे नंतर.

अण्णांनी छत्री आडवी धरून वाट मोजली. "मीटरभर भरते," म्हणाले, आणि हात अंगाशी धरून, एकाही ओंबीला धक्का न लावता पलीकडं गेले. मागं वळून फाटक लागलंय का तेही पाहिलं.

मग मिल्टन स्ट्रीट, आणि नदीच्या बांधावरून आल्फ्रिस्टन. सकाळी गावात शिरलो होतो ते रस्त्यानं, दुकानांमधून. आता हिरवळीपलीकडून चर्चचा निमुळता कळस समोर येत होता, पाणी उजव्या हाताला, घरांच्या गारगोटीच्या भिंतींवर ऊन.

"हे कुठलं गाव आता?" अण्णांनी विचारलं.