कोपऱ्यातला मी

व्हिडिओ कॉलवर समोरचा अगदी मनातलं सांगत असतो आणि माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर. तिथे मी असतो. मान डोलावतो, भुवया उंचावतो, आणि हे सगळं नीट जमतंय ना, तेही बघतो. कानाजवळचे केस उभे राहिलेले दिसले की हात आपोआप वर जातो. तोवर समोरच्याचं वाक्य संपलेलं असतं. मग ‘हो, खरंय’ म्हणून वेळ मारून न्यायची. कबूल कुणी करत नाही, पण इतरांचेही हात केसांकडे जाताना मी पाहिलेत.

माणसं हजारो वर्षं गप्पा मारत आली, पण बोलताना स्वतःचं तोंड कुणाला दिसत नसे. आपण कसे दिसतोय ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडायचं. चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये हेच मांडलं होतं: इतरांना आपण कसे वाटत असू याचा अंदाज बांधत बांधत आपली स्वतःबद्दलची कल्पना तयार होते. अंदाजच तो, चुकायचा. दाबलेली जांभई कुणाला कळली नाही असं समजून आपण खुशाल बसायचो. आता ती जांभई स्वतःलाच दिसते.

गंमत म्हणजे चौकोनातला तो मी पुरता खराही नसतो. बहुतेक ॲप आपल्याला आपली छबी आरशासारखी उलटी दाखवतात, समोरच्याला सुलटी. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सुलटा. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला गोड लागतं. फोटोत आपण ‘असे कसे’ आलो, हे कोडं बरंचसं इथेच सुटतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांनी येणाऱ्या थकव्याची चार कारणं सांगितली, त्यातलं एक म्हणजे हे सतत स्वतःला पाहणं. आपला चौकोन लपवायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. मी तो लपवून पाहिला. जरा वेळ बरं वाटलं, मग नवीच चुळबुळ: आता मी कसा दिसत असेन?

म्हणून महत्त्वाचं बोलायचं असलं की हल्ली साधा फोन लावतो. येरझारा घालता येतात, तोंड वेडंवाकडं करता येतं. भांडायला तर तोच बरा. व्हिडिओवर आपला तापलेला चेहरा दिसला की अर्ध्या भांडणातच हसू येतं.