एकदाच्या भेटल्या न्यूरोलॉजिस्ट

आज इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला न्यूरोलॉजिस्टची (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांची) अपॉइंटमेंट एकदाची झाली. मला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. गालातून विजेचा झटका बसावा तशी सणक जाते, काही सेकंदांचीच, पण हातातला टूथब्रश गळून पडतो. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. आधी जीपी (फॅमिली डॉक्टर), मग त्यांचं पत्र, मग नुसती वाट बघायची. त्याआधी दाढेचं दुखणं म्हणून एका डेंटिस्टने रूट कॅनालही केलं, दाढ चांगली असताना! या आजारात असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनने ही कळ सहसा हटत नाही. कार्बामाझेपिन देतात, जे फिट्सवरही वापरतात.

डॉक्टरबाईंनी अजिबात घाई केली नाही. वारा लागला की होतं का, जेवताना, बोलताना होतं का, सगळं नीट विचारलं. इतकं शांतपणे कुणी ऐकून घेतलं की निम्मा जीव भांड्यात पडतो. एखादी रक्तवाहिनी नसेवर दाब देतेय का, हे बघायला एमआरआय सांगितलाय. गोळी हळूहळू वाढवायची, मधून मधून रक्तातलं सोडियम तपासायचं.

आई फोनवर म्हणाली, "कानाला रुमाल बांधून बाहेर पड गं." बांधते. वाऱ्यात खरंच फरक पडतो.

तुमच्यापैकी कुणी ही गोळी घेतंय का? सुरुवातीची गुंगी किती दिवस राहते?