दात काढायला आलेले काका

वस्तीतल्या दवाखान्यात आमचे बीडीएस, एमबीबीएस आणि नर्सिंगचे पोट्टे एकाच टेबलावर बसतात. पेशंट एक, केसपेपरही एकच. सुरुवातीला सगळेच कुरकुरतात.

त्या सकाळी पन्नाशीचे एक ऑटोवाले काका गाल धरून आले. "दात हालून राह्यला जी. लवकर काढून द्या, सवारी थांबली आहे."

काकांनी जमेल तेवढा आ केला, तरी दोनच बोटं मावली. तीन मावायला हवीत. नागपुरात याचं कारण विचारावं लागत नाही : खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण), म्हणजे त्यातली सुपारी. गालाची आतली बाजू पांढुरकी, बोटाला ताठ पट्टे लागत होते. पण बीडीएसची इंटर्न तिथेच अडली. हिरड्यांवर चार-पाच ठिकाणी पू होता. "मॅडम, नुसत्या खर्र्यानं एवढे गळू नाही होत."

तेवढ्यात नर्सिंगच्या मुलीचं लक्ष काकांच्या चपलेकडे गेलं. अंगठ्याला चिंधी बांधलेली. काकांची त्याबद्दल तक्रारच नव्हती. दुखतच नव्हतं ना! वाढलेल्या साखरेने पायाची जाणीव जाते, म्हणून तिला शंका आली. तिने हाताच्या बोटाला सुई टोचली. साखर ३४२.

"मले शुगर नाही जी. कोणी सांगतलंच नाही." खरंच होतं ते. कोणी तपासलीच नव्हती.

मग जुंपली. एमबीबीएसवाला म्हणाला, आधी साखर, मग तोंड. बीडीएसवाली म्हणाली, पू आत ठेवला तर साखर उतरेल कशी? दोघंही अर्धे बरोबर. संसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, साधारण ०.४ टक्के-अंकांनी खाली येतो. मी हे दरवर्षी वर्गात सांगते, पोरं दरवर्षी विसरतात. भांडून कळलेलं बहुधा टिकेल.

लघवीत कीटोन (साखर धोकादायक बिघडल्याची खूण) नव्हते. मेडिकल ऑफिसरांनी गोळी सुरू केली, एचबीए१सीसाठी रक्त घेतलं. गळू फोडून पू काढला, पायाला पट्टी केली. दात काढणं पुढे ढकललं आणि गालासाठी डेंटल कॉलेजची चिठ्ठी दिली.

मेडिकलच्या मुलांची एक गंमत आहे. टॉर्च मारून 'आ करा' म्हणतात आणि थेट टॉन्सिल गाठतात. वाटेतल्या बत्तीस दातांशी ओळखच नसते. या पोराने त्या दिवशी पहिल्यांदा हिरडी बोटाने दाबून पाहिली.

खर्र्याची पन्नी काकांनी काढून दिली खरी, पण पानठेला दवाखान्याच्या दारातच आहे. पुढच्या मंगळवारी त्यांना उपाशीपोटी बोलावलंय. तेव्हा साखर बीडीएसवाली तपासणार, हिरड्या एमबीबीएसवाला. प्रोब, म्हणजे हिरडी तपासायची बारीक सळई, कसा धरायचा हे तो आतापासूनच विचारून राहिलाय.