द्राक्षाच्या गावात द्राक्षाचं फेशियल

नाशिकच्या सिडकोत माझं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. मागच्या पाडव्याला मी दारावर हौसेनं बोर्ड लावला: 'शंभर टक्के केमिकल-फ्री'. चार महिन्यांत तो मीच उतरवला.

कोरफडीचा गर, गुलाबपाणी, चिमूटभर हळद मिक्सरमधून फिरवायची आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवायची. बायका खूश. एकदा मात्र उन्हाळ्यात दिवसभर लाइट नव्हती, तरी दोन दिवसांनी तीच बरणी काढून एका जुन्या काकूंचं क्लीन-अप केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गालावर पुळ्या. झाकण उलटं करून पाहिलं तर कडेला हिरवट ठिपके. काकू काहीच बोलल्या नाहीत, फक्त परत आल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझी भाची बी.फार्म करतेय. बरणी बघून ती आधी हसलीच. "मावशी, पाणी आणि गर म्हणजे बुरशीला पंगत मांडलीस तू. आणि पाणीसुद्धा केमिकलच की!" ज्यात पाणी आहे ते टिकवायला प्रिझर्व्हेटिव्ह लागतोच, हे मला वीस वर्षं फेशियल करून कळलं नव्हतं.

मग एका रविवारी आम्ही दोघी माझ्या कपाटातले सगळे डबे खाली मांडून बसलो. हातात भिंग, कारण ती अक्षरं मुंगीएवढी. नियम साधा आहे: घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, 1 टक्क्याखालचे मात्र कसेही. फेनॉक्सीइथेनॉल हा प्रिझर्व्हेटिव्ह 1 टक्क्यापर्यंतच वापरता येतो. म्हणजे त्याच्यानंतर जे नाव येतं, ते फार तर तेवढंच. माझ्या सगळ्यात महागड्या 'ग्रेप' किटमध्ये द्राक्षबियांचा अर्क त्याच्याही खाली, सुगंधाच्या मागे उभा होता. शेजारी निफाड, दिंडोरी, आणि मी पाकिटावरच्या घडाच्या चित्राचे पैसे मोजत होते!

स्क्रबच्या डब्यावर 'पॉलिइथिलीन' सापडलं. प्लॅस्टिकचे मणी. बेसिनमधून गटारात, आणि त्यातले जे सांडपाणी केंद्रात अडत नाहीत ते पुढे गोदावरीत. लिंबू-सोड्याचं तर विचारूच नका. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास, लिंबाचा 2 च्या जवळ, सोड्याचा 8 च्या वर. किती जणींच्या माना मी त्यानं घासल्यात, आठवलं की कसंतरी होतं.

आता स्क्रबला तांदळाचं बारीक पीठ, ज्या त्या बाईपुरतं, त्याच वेळी भिजवलेलं. द्राक्षबिया दळूनही पाहिल्या, पण कण टोकदार राहतात, म्हणून सोडून दिलं. मसाजला द्राक्षबियांचं तेल आणते. रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातल्या बियांचं ते, म्हणजे त्यासाठी वेगळं शेत लागत नाही. त्यात पाणी नाही म्हणून बुरशीची भीती कमी. पण त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, त्यामुळे हवा-उजेड लागला की लवकर खवट होतं. पहिली लिटरची बाटली तशीच फेकली. आता काळ्या काचेत, शंभर मिलीच. नवीन बाईला आधी कानामागे लावून बघते.

"ताई, तुमचं स्क्रब बाटलीत भरून विका ना," असं दोघी-तिघींनी सुचवलं. विकायला बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, परवाना हवा. तो पसारा मला नको. आणि भिजवलेलं पीठ बाटलीत टिकवणार कसं?

राहता राहिली पाकिटं. एका फेशियल किटची पाच-सहा, आत चमकता पापुद्रा. भंगारवाला हात लावत नाही, घंटागाडीवाला कोरड्या कचऱ्यात घेतो, पण पुढे त्याचं काय होतं देव जाणे. कंपनीच्या मुलाला म्हटलं, पाच लिटरच्या कॅनमध्ये द्या, रिकामा कॅन परत देते. "मॅडम, वर विचारून सांगतो," म्हणाला. जिन्याखाली दोन पोती साठलीत. परवा तो नवीन किट दाखवायला येणार आहे, तेव्हा दोन्ही पोती दारातच मांडून ठेवणार आहे.