किमोनोला काठ नसतात

क्योतोमध्ये राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरअखेरच्या एका चहासमारंभाचे निमंत्रण आले. माझ्याजवळ करड्या-निळ्या रंगाचा, नक्षी नसलेला ‘इरोमुजी’ किमोनो होता. ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो घालतात आणि हा तसाच होता, त्यामुळे मुख्य प्रश्न सुटला असे मी समजले. साडीवर मॅचिंग ब्लाउज शोधण्याच्या सवयीने मी कमरेचा रुंद पट्टा म्हणजे ओबी निळसर, त्यावर बांधायची दोरी म्हणजे ओबिजिमे निळी आणि ओबीच्या वरच्या कडेतून डोकावणारे रेशमी वस्त्र म्हणजे ओबिआगेही त्याच छटेचे निवडले.

मला किमोनो शिकवणाऱ्या सेन्सेईंनी ते सगळे तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, मांडले आणि लांबून हे एकच कापड दिसेल, एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी हस्तिदंती रंगाचा ‘नागोया’ प्रकारचा ओबी काढला, ज्याच्या विणीत विटकरी धागा अगदी बारीक फिरला होता. त्यावर त्यांनी जांभळी, गर्द हिरवी आणि विटकरी अशा तीन दोऱ्या एकामागून एक ठेवून पाहिल्या. दोरी जेमतेम बोटभर रुंद, पण ती बरोबर शरीराच्या मध्यावर येत असल्याने नजर आधी तिच्यावरच जाते. विटकरी दोरी ठेवताच ओबीतला तो लपलेला धागा एकदम दिसू लागला, आणि माझ्या ध्यानात आले की हिरव्या साडीला लाल काठ विणकरानेच दिलेला असतो, तर किमोनोचा काठ नेसणारीला स्वतः जुळवावा लागतो. ओबिआगे मात्र फिकटच ठेवले, कारण दोन्ही ठळक झाले तर ते एकमेकांशी भांडतात.

मेपलच्या पानांचा माझा आवडता ओबी त्यांनी बाजूला सारला. नक्षी ऋतूच्या थोडी आधी वापरायची, आणि बाहेर खरी पाने लालभडक झालेली असताना त्यांच्याशी स्पर्धा कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. (मला ते अजून पूर्णपणे पटलेले नाही.) चहाच्या वाडग्याला ओरखडा पडू नये म्हणून अंगठी, घड्याळ आणि बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र गळपट्टीच्या आत गेले आणि पायांत पांढरे ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, चढवले.

समारंभाच्या दिवशी मी एकटीनेच सगळे बांधले. दोरीची गाठ मध्यापासून किंचित डावीकडे सरकली होती. ती सेन्सेईंनी बसथांब्यावर उभ्या उभ्या, काही न बोलता सरळ केली.