कॅमेऱ्याने मागितलेली फी

मागच्या वर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून चारशे सोळा फोटो घेऊन आलो आणि त्यातले चारशे पांढरे. म्हणजे अक्षरशः पांढरे, घोडा पांढरा, आभाळ पांढरं, घोड्यावर बसलेला माणूसही धुतल्यासारखा. झालं असं की आदल्या संध्याकाळी तंबूत उजेड नव्हता म्हणून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) ३२०० केला होता आणि तो खाली आणायचाच राहिला. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, सकाळचं कडक ऊन, तापीकाठी ही गर्दी, मालक लोक मारवाडी-काठियावाडी घोडे रेवाल चालीत फिरवून दाखवताहेत आणि मी अ‍ॅपर्चर मोडवर (लेन्सचं भोक आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) ५.६ लावून आपला खटाखट. माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० सेकंदाच्या पुढे जात नाही, त्या उन्हात त्याला चार-पाच पट वेग हवा होता. तो बिचारा व्ह्यूफाइंडरमध्ये आकडा लुकलुकवून सांगत होता पण माझं लक्ष घोड्याकडे. एका घोडेवाल्या काकांनी तर नंबर दिलेला, 'फोटो टाकजा भाऊ' म्हणून. त्यांना मी अजून तोंड दाखवलेलं नाही.

कॅमेरा म्हणजे सेकंड हँड निकॉन डी ३४००, १८-५५ च्या किट लेन्ससकट एकोणीस हजाराला. घेतला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, मोबाईलमध्ये कॅमेरा नाहीये का? तिला काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं. पतसंस्थेत आठवडाभर हप्ते आणि थकबाकी बघून डोळे जड होतात, रविवारी जरा दुसरं काही बघावं इतकीच इच्छा. पहिले दोन महिने ऑटोवर ठेवून जे दिसेल ते काढलं. सूर्यास्त, कुत्री, भाच्याचे पडलेले दात, परत सूर्यास्त. हार्डडिस्क भरत गेली आणि एकही फोटो दुसऱ्यांदा उघडावासा वाटेना.

तर सारंगखेड्याच्या फजितीनंतर मी काय करावं? नीट शिकायचं सोडून अजून एक लेन्स घेतली :) (या छंदातला हा रोग सगळ्यांना होतो, औषध नाही.) ५० एमएम एफ १.८, जुनी डी वाली, साडेचार हजारात. विकणारा म्हणाला निकॉनला बसते, आणि बसली पण. चालू केलं तर स्क्रीनवर इंग्रजीत 'एफ ई ई' अशी अक्षरं. मी म्हटलं घ्या, पैसे देऊन आणली तरी हा फी मागतोय! दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की या जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची एक रिंग असते, ती फिरवून २२ वर लॉक करावी लागते, मग तो एरर जातो. तो गेला, पण ऑटोफोकस काही होईना. कारण असं की ही लेन्स फोकससाठी कॅमेऱ्याच्या बॉडीतल्या मोटरवर चालते आणि निकॉनच्या या स्वस्त बॉडीत ती मोटरच नसते, स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्यायला हवी होती. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे तुम्ही विचारलं नाही.

आता परत कोण घेतंय, मग बसलो हाताने फोकस करत. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, फोकस लागला की तो स्थिर होतो. १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवून, मीटरभर अंतरावरचा माणूस घेतला तर जेमतेम तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात सगळं धारदार येतं, डोळा आला की कान गेला, आणि माणूस जरा मागे रेलला की डोळाही गेला. तो ठिपका थांबेस्तोवर समोरचं कुत्रं निघून जायचं, माणूस 'झालं का' विचारायचा. दिवसाला दोनशे फोटो काढणारा मी, पंधरा-वीसवर आलो. न हलणाऱ्या गोष्टी शोधायला लागलो. आणि न हलणारी गोष्ट म्हटल्यावर आमच्या फैजपूरकडे काय, केळी.

लोक रावेर-यावलचे केळीबाग हिरवेगार म्हणतात. ते हिरवं माझ्या किती मुळावर आलं ते मला विचारा. बागेत शिरल्यावर उजेड वरच्या पानांतून गाळून येतो, त्यामुळे खाली उभा असलेल्या माणसाचं तोंडच हिरवं येतं. घड उतरवणाऱ्या मजुरांचे फोटो काढले, सगळे कावीळ आणि काविळीच्या पुढचं काहीतरी झाल्यासारखे. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेड बघून रंग सुधारणारी कॅमेऱ्यातली सोय) तिथे काही सुधरत नाही. शेवटी खिशात एक पांढरा कागद ठेवायला लागलो, बागेत गेलं की आधी त्याचा फोटो घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स सेट करायचा, आणि शिवाय रॉमध्ये (कॅमेऱ्याने काही बदल न केलेला कच्चा फोटो) काढायचं म्हणजे घरी येऊन पण रंग सुधारता येतो. पण खरं सांगू का, पानाचा फोटो सकाळी सातला आपण पानाच्या खाली आणि ऊन पानाच्या वर असं उभं राहून काढला ना की त्याच्या शिरा अशा उजळतात, वाऱ्याने फाटलेल्या झिरमिळ्यांसकट, की तो हिरवा रंग तसाच ठेवावासा वाटतो. एकाच झाडाचे मी पाच रविवार फोटो काढले. चुलत्यांनी विचारलं, 'करपा पडला का रे बागेवर, काय पाहून राहिला रोज?'

चाळीसगावला जाणं झालं ते एप्रिलात, लग्नाच्या निमित्ताने. मंगल कार्यालयातून सटकलो आणि फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघून आलो. खानदेशात राहून हा माणूस मला माहीत नव्हता याची लाज वाटते. मुंबईत १९१२ मध्ये जन्मलेला पारशी माणूस, इंग्लंडला शिकून आला, आणि चाळीसगावला स्टेशनजवळच्या घरात १९८९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिला, बाहेर जवळजवळ पडलाच नाही म्हणतात. पंजाब मेलने कुणीतरी येणार होतं आणि त्याची वाट बघत राहिले अशी गोष्ट गावात सगळे सांगतात, ती राहू द्या. मला खिळवलं ते त्यांच्या टेबलटॉप फोटोंनी. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड असा द्यायचा की बघणाऱ्याला वाटावं हा कुठला तरी लांबचा देखावा आहे. मी एकापुढे दहा मिनिटं उभा होतो, सावली कुठून पडलीय ते शोधत. मी इकडे फोटोंसाठी लडाखच्या ट्रिपचे रेट काढून ठेवलेले. लग्नात परत आलो तर पंगत उठलेली, बायको बोलली नाही जळगाव येईपर्यंत.

लडाख काही झालं नाही, पैसे तसेही नव्हते. या थंडीत मात्र एक फोटो झालाय, तोच सांगायला खरं तर लिहायला बसलो होतो. शेतात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर ती हिरवी मोठी वांगी, आणि आई काडीने वांगी उलटवतेय. धूर डोळ्याला दिसतो तसा फोटोत येत नाही हे एव्हाना कळलेलं, ऊन आपल्या पाठीमागून धुरावर पडत असेल तर नुसती पांढुरकी घाण दिसते. म्हणून गोल फिरून पलीकडे गेलो, मावळतं ऊन धुराच्या मागे आणि त्याच्याही मागे केळीबागेची काळोखी सावली. तेव्हा कुठे धुराची एकेक वेटोळी सुटी दिसायला लागली. आयएसओ बघितला, ४००. (हल्ली आधी तेच बघतो.) एफ २.८, रिंग हळूहळू फिरवतोय, हिरवा ठिपका लागतोय, जातोय, आईचा चेहरा धुरात जातोय, बाहेर येतोय. बाकीचे सगळे कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्यांची वाट बघत बसलेले. वांग्याची साल फुटली, रस जाळात पडून चर्र झालं, आईने डोळे बारीक करून तोंड बाजूला केलं आणि त्याच वेळेला ठिपका थांबला.

एकच काढला. आई म्हणाली, 'झालं असंल तर ती कांद्याची पात धुऊन आण.'

रात्री मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर फोकस डोळ्यावर नाही, काडी धरलेल्या बोटांवर आहे. मी वैतागलो होतो, पण बायकोने बराच वेळ बघून तिच्या फोनवर मागून घेतला. दत्तजयंती आता आठ दिवसांवर आहे. घोडेवाल्या काकांचा नंबर अजून सेव्ह आहे.