वारीच्या वाटेवरचे घोटे आणि गुडघे

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, आणि त्यातच दिवे घाट. नवखे वारकरी त्या चढाला घाबरतात. दिंडीसोबत चालत संध्याकाळी मुक्कामावर पाय तपासणारे आम्ही फिजिओथेरपिस्ट मात्र चढापेक्षा उताराला भितो. घोट्यातलं टॅलस हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. चढताना पाऊल वर वळतं, रुंद बाजू खोबणीत घट्ट बसते. पोटऱ्या भरून येतात, पण सांधा पक्का राहतो. उतारावर बोटं खाली झुकतात, अरुंद बाजू खोबणीत येते, सांधा ढिला पडतो आणि तो सावरायचं काम बरंचसं अस्थिबंधांवर येतं.

अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, हे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे. घोट्याच्या आतल्या बाजूला एक जाड त्रिकोणी पट्टा, बाहेरच्या बाजूला तीन सुटे आणि बारीक. त्यातला पुढचा सर्वांत कमजोर. पाऊल आत वळलं की आधी तो ताणतो किंवा फाटतो, जोर जास्त असला तर त्याच्याखालचा, टाचेला जाणाराही.

डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डाव्या कडेने चालणाऱ्याचं डावं पाऊल सतत थोडं आत कललेलं राहतं. दुपारनंतर नडगीच्या बाहेरचे स्नायू थकतात आणि पाऊल वेळेत सावरत नाही. अशात डांबराची कड सुटून पाय मुरमाच्या साइडपट्टीवर पडला, की घोटा मुरगळलाच. म्हणून शक्य तिथे रस्त्याच्या मधून चाला, आणि मागे पट्टा असलेली सँडल घाला. टाच सुटी राहणारी चप्पल इथे कामाची नाही.

मुरगळल्यावर पहिली चूक होते ती मालिशीची. वाटेवर पाय चेपून देणारे सेवेकरी भेटतात, त्यांचा भाव मोठाच. थकलेल्या पोटरीला त्यांचे हात जरूर लागू द्या. पण ताज्या मुरगळीला पहिले दोन-तीन दिवस तेल, रगडणं, शेक, झोंबणारा बाम, काहीच नको. फाटलेल्या धाग्यांतून रक्त झिरपत असतं, ते वाढतं आणि सूज चढते. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टी. झोपताना पिशवी उशाला नव्हे, पायाखाली घ्या; पाय छातीपेक्षा उंच राहू द्या.

घोट्याला 10 सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज पुरतं, गुडघ्याला 15 चं. पाऊल नडगीशी काटकोनात धरा. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, तळव्याखालून आणि घोट्यावरून आठच्या आकड्यात वर जा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असा. टाच उघडी सोडलीत तर सूज तिथेच जमते. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढाच.

चार पावलंही भार टाकता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर, किंवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर वर आलेल्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर ती नुसती मुरगळ समजू नका. एक्स-रे हवा.

गुडघ्यात चार मुख्य अस्थिबंध: दोन बाजूंना, दोन आत एकमेकांना छेदणारे. सरळ चालण्याने ते सहसा तुटत नाहीत. धोका असतो तो पाऊल रुतलेलं असताना वर अंग फिरलं तर. चिखलात फुगडी घालताना, किंवा वेळापूरजवळ उतारावर धावा करताना, म्हणजे सगळे एकत्र पळत सुटतात तेव्हा, गर्दीचा रेटा बाजूने आला तर. 'कट्' असा आवाज आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी; पुढच्या क्रॉस लिगामेंटची शंका घ्या आणि चालणं तिथेच थांबवा. सूज दुसऱ्या सकाळी हळूहळू आली असेल तर बहुधा ते पाणी असतं. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला उतारावर टोचणारं दुखणं वेगळंच: मांडीच्या बाजूने येणारी पट्टी हाडाशी घासते, अस्थिबंध ठीक असतो.

अस्थिबंधांना रक्तपुरवठा कमी, म्हणून भरणं सावकाश. साधी ताण असेल तर एक-दोन आठवडे, अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा. 'माउली, लंगडत का होईना, चालतो,' असं म्हणणाऱ्याचा दुसरा गुडघा दोन दिवसांत बोलू लागतो. त्याला दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये पुढच्या मुक्कामी पाठवा. सपाटीवर न लंगडता चालता आलं आणि दुखऱ्या पायावर आधाराशिवाय अर्धा मिनिट उभं राहता आलं, की मगच पट्टी बांधून सकाळचा पहिला टप्पा चालून बघायचा.